कमाई तिची, मालकी नवऱ्याची

आज एका विलायती बाईची गोष्ट सांगणार आहे. मोठ्या घरची, देखणी, शिकलेली आणि पुस्तकं लिहून स्वतः पैसे मिळवणारी. तिचं नाव कॅरोलाइन नॉर्टन. तिच्या उमेदीच्या काळात इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. म्हणजे अख्ख्या राज्याची मालकीण एक बाई. आणि त्याच राज्यात कॅरोलाइनच्या बँकेतल्या खात्याची पुस्तकं तिच्या नवऱ्यानं कोर्टात मागवली, तिच्या लिखाणाचे पैसे कायद्यानं माझे आहेत असं सांगितलं, आणि कायदा खरोखर तसाच होता.

गटाच्या बैठकीत आपण हिशोब मांडतो तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसते. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई फेडते, पण पैसा कुठं गेला ते तिला सांगता येत नाही. आपल्याला वाटतं, हे गरिबाघरचं दुखणं आहे. गाडीघोड्यातून फिरणाऱ्या मडमांना कसली आलीय अडचण. म्हणून ही गोष्ट निवडली.

कॅरोलाइनचा जन्म १८०८ चा, लंडनमधला. तिचे आजोबा रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल, मोठे नाटककार होते. शिवाय ते पार्लमेंटचे सभासद. त्यांचं एक भाषण फार गाजलं आणि त्याचा संबंध थेट आपल्या देशाशी आहे. अवधच्या नवाबाची आई आणि आजी, या दोन बेगमांचा खजिना वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारात जबरदस्तीनं काढून घेतला गेला होता. त्यावर शेरिडन १८८७ नव्हे, त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७८७ साली पार्लमेंटात पाच तासांहून जास्त बोलले. विधवा बायकांची मालमत्ता अशी लुबाडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढं खटला चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, ते सोडा. पण ज्या माणसानं सातासमुद्रापलीकडच्या बायकांच्या मालमत्तेसाठी घसा कोरडा केला, त्याच्याच नातीला स्वतःच्या घरात एक पैसा स्वतःचा म्हणता येत नव्हता.

कॅरोलाइनचे वडील टॉम क्षयानं आजारी. नोकरी धरून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला गेले आणि १८१७ मध्ये तिथंच वारले. आईच्या पदरात पोरं आणि हातात काही नाही. घराण्याची ओळख म्हणून राजघराण्याकडून हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात राहायला काही खोल्या फुकट मिळाल्या. पत्ता राजवाड्याचा आणि चुलीपाशी काटकसर, असा संसार. तिन्ही मुली मात्र रूपानं आणि बोलण्यानं नावाजलेल्या. थोरली हेलन, मधली कॅरोलाइन, धाकटी जॉर्जियाना. हेलनचा नवरा पुढं लॉर्ड डफरिन झाला. जॉर्जियाना सॉमरसेटच्या ड्यूकच्या घरात पडली, म्हणजे उमरावांतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर. हेलनचं डफरिन हे आडनाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मधलीला मागणी घातली जॉर्ज नॉर्टननं. लॉर्ड ग्रँटली नावाच्या उमरावाचा हा धाकटा भाऊ, वकील आणि पार्लमेंटचा सभासद. कॅरोलाइन शाळकरी असतानाच त्यानं तिला पाहिलं आणि आईकडे पत्र पाठवलं. आईनं तीन वर्षं थांबवलं. १८२७ मध्ये, तिला एकोणीस पूर्ण असताना, लग्न लागलं. मुलाचं घराणं चांगलं, मुलीला हुंड्याचं बळ नाही, आई विधवा. अशी लग्नं कशी ठरतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता इथं जरा थांबून त्या काळचा कायदा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालं की नवरा-बायको मिळून एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा. याला ते 'कव्हर्चर' म्हणत. शब्दाचा अर्थ पांघरूण. बाई नवऱ्याच्या पांघरुणाखाली गेली, म्हणजे कायद्याला ती दिसेनाशी झाली. तिचे रोख पैसे, दागिने, कपडे, मजुरी नवऱ्याची. जमीन असली तर तिचं उत्पन्न नवऱ्याच्या ताब्यात. तिला करारावर सही करता येत नाही, कुणावर दावा लावता येत नाही, नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्रही करता येत नाही. मुलं तर बापाचीच. दूध पिणारं मूलही बाप आईकडून काढून नेऊ शकत होता.

मग श्रीमंत लोक आपल्या मुलींना असंच सोडून देत होते का? नाही. ते लग्नाआधी वकिलाकडून एक दस्त करत. मुलीचा पैसा दोन-चार विश्वासातल्या माणसांच्या, म्हणजे विश्वस्तांच्या, नावावर ठेवत आणि तो फक्त मुलीसाठी वापरायचा असं लिहून घेत. त्याला जावई हात लावू शकत नसे. म्हणजे कायदा वाईट आहे हे पैसेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी स्वतःपुरती पळवाटही काढून ठेवली होती. ज्यांच्याकडे दस्त करण्याइतकी संपत्ती नाही त्यांच्यासाठी नुसता कायदा उरला. मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. कॅरोलाइनचं नाव मोठं, पण पैशाच्या बाबतीत ती त्या दुसऱ्या रांगेतली.

नवरा मारकुटा निघाला. तिनं पुढं स्वतः लिहून ठेवलंय. एकदा ती पत्र लिहीत बसली होती तर त्यानं चहाची तापलेली किटली उचलून तिच्या हातावर टेकवली. १८३५ मध्ये ती गरोदर होती. मारहाण झाली आणि पोटातलं मूल गेलं. मधल्या काळात तीन मुलगे झाले, फ्लेचर, ब्रिन्स्ली आणि विल्यम.

वकिली चालत नसल्यानं घरात पैसा कमी. मग तिनं लेखणी उचलली. १८२९ मध्ये कवितांचं पुस्तक निघालं, आणि पहिल्या बाळंतपणाचा खर्च तिनं त्या पैशातून केला. पुढं मासिकांचं संपादन, कथा, कादंबऱ्या, गाणी. नवऱ्याला नोकरीही तिनंच मिळवून दिली. तिच्या घराण्याच्या ओळखीतले लॉर्ड मेलबर्न तेव्हा गृहमंत्री होते. त्यांना तिनं विनंती केली आणि १८३१ मध्ये जॉर्ज लंडनमध्ये मॅजिस्ट्रेट झाला, वर्षाला एक हजार पौंड पगारावर. मेलबर्न तिच्या घरी गप्पा मारायला येऊ लागले. वयानं ते जवळजवळ तीस वर्षांनी मोठे. या जाण्या-येण्याला नवऱ्याची काही हरकत नव्हती. पगार चालू होता.

१८३६ च्या ईस्टर सणाला ती मुलांना घेऊन भावाकडे निघाली होती. भावानं जॉर्जला बोलावलं नव्हतं म्हणून घरात भांडण झालं. सकाळी ती बहिणीकडे सल्ला विचारायला गेली. तेवढ्यात जॉर्जनं मुलं दुसरीकडे पाठवून दिली आणि तिला घरात घेऊ नका असं नोकरांना बजावलं. धाकटा विल्यम तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. तिचे कपडे, कागदपत्रं, हस्तलिखितं, सगळं आत. आणि कायद्यानं ते सगळं जॉर्जचंच.

त्यानंतर त्यानं जे केलं त्यानं सगळं लंडन हादरलं. मेलबर्न आता देशाचे पंतप्रधान झाले होते. जॉर्जनं त्यांच्यावर दावा लावला की यांनी माझ्या बायकोशी संबंध ठेवून माझं नुकसान केलं, मला दहा हजार पौंड भरपाई द्या. म्हणजे त्याच्या दहा वर्षांच्या पगाराइतकी रक्कम. एखाद्याची म्हैस दुसऱ्याच्या चुकीनं मेली तर मालक भरपाई मागतो ना, तसाच हा दावा. यात बाई पक्षकार नाही. तिला वकील देता येत नाही, साक्ष देता येत नाही. दोन पुरुष भांडणार, बोलणं सगळं तिच्या अब्रूबद्दल, आणि तिनं घरी बसून वर्तमानपत्रात वाचायचं. जॉर्जनं आणलेल्या साक्षीदारांत कामावरून काढलेले नोकरचाकर होते. ज्युरीचे पंच उठून विचार करायला आतल्या खोलीतही गेले नाहीत. बसल्या जागीच त्यांनी मेलबर्न निर्दोष असल्याचं सांगितलं.

तिला वाटलं असेल, सुटले. पण अडकली ती इथंच. तिच्यावरचा आरोप खोटा ठरला म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळेना. आणि तिला मिळेना कारण मार खाऊनही ती पूर्वी एकदा माघारी नांदायला गेली होती. म्हणजे तिनं ते माफ केलं, असं कायदा धरत होता. किती जणी मुलांकडे बघून माघारी जातात! तेच तिच्या विरुद्ध गेलं. तसा त्या वेळी पुरता घटस्फोट मिळायला पार्लमेंटात खास कायदा करून घ्यावा लागे, आणि त्या वाटेनं एकूण फक्त चार बायकांना तो मिळाला.

मुलं तर गेलीच. तिनं पत्रं पाठवली, दारं वाजवली, शेवटी कायदा वाचायला बसली. ओळखीच्या वकिलांना विचारून, जुने निकाल गोळा करून तिनं १८३७ मध्ये एक पुस्तिका लिहिली, आईचा मुलांवर काय हक्क आहे या विषयावर. टॅलफोर्ड नावाचे वकील पार्लमेंटचे सभासद होते, त्यांनी विधेयक आणलं. १८३८ मध्ये ते उमरावांच्या सभागृहात पडलं. तेव्हा तिनं आणखी एक पत्रक लिहिलं, पण पुरुषाचं टोपणनाव घेऊन. बाईनं लिहिलंय म्हटलं तर वाचणार कोण. ते सभासदांना पोचवलं. १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालची मुलं आपल्याकडे मिळावीत म्हणून आईला न्यायालयाकडे अर्ज करता येऊ लागला, आणि सोळा वर्षांपर्यंत त्यांना भेटण्याची परवानगी मागता येऊ लागली. तीसुद्धा बाईवर व्यभिचार शाबित झालेला नसेल तरच. तरी त्या देशाच्या कायद्यानं मुलाला आईही असते हे पहिल्यांदा तिथं मान्य केलं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं म्हटलंय.

तिला स्वतःला त्याचा काय उपयोग झाला? जॉर्जनं मुलं स्कॉटलंडमध्ये ठेवली होती आणि हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. पुढं १८४२ मध्ये मुलं यॉर्कशरमध्ये असताना विल्यम तट्टावरून पडला. जखम साधी होती, पण नीट बघितली नाही, विष भिनलं. आईला निरोप गेला. ती पोचेपर्यंत मूल गेलेलं होतं. नऊ वर्षांचं लेकरू. त्यानंतर नवरा थोडा नरमला आणि उरलेल्या दोघांना तिच्याकडे येऊ-राहू देऊ लागला.

आता पैशाचं ऐका. १८४८ मध्ये जॉर्जला एका विश्वस्त निधीतून रक्कम उचलायची होती, त्यासाठी बायकोची संमती हवी होती. ती म्हणाली, मला वर्षाला पाचशे पौंड द्यायचं लिहून दे. त्यानं लिहून दिलं, सही केली. चार वर्षांनी तिच्या आईच्या मृत्युपत्रातून तिला थोडं उत्पन्न सुरू झालं, तसे यानं पैसे बंद केले. करार दाखवला तर म्हणाला, बायको करार करूच शकत नाही, तेव्हा हा कागद रद्दी आहे. खरंच रद्दी होता. स्वतःच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली सही!

तेव्हा तिनं एक युक्ती केली. बायकोची देणी फेडणं नवऱ्याचं काम, हेही कायद्यातच होतं. तिनं घोडागाडी दुरुस्त करणाऱ्यांना सांगितलं, तुमचं बिल त्यांच्याकडून वसूल करा. १८५३ मध्ये तो दावा लंडनच्या कोर्टात उभा राहिला. जॉर्जनं तिच्या बँकेतली खातेपुस्तकं मागवली, तिच्या पुस्तकांचे प्रकाशक तिला काय देतात ते उकरून काढलं आणि सतरा वर्षांपूर्वीची ती जुनी बदनामीही पुन्हा वर काढली. यावेळी मात्र ती साक्षीला उभी होती, भरल्या कोर्टात बोलली. निकाल तांत्रिक मुद्द्यावर नवऱ्याच्या बाजूनं लागला.

ती घरी आली आणि लिहायला बसली. १८५४ मध्ये बायकांसाठीच्या इंग्रजी कायद्यांवर पुस्तक, १८५५ मध्ये थेट राणीला उद्देशून छापील पत्र. त्यात तिनं फार साध्या भाषेत कायदा उलगडून दाखवला: बायको घर सोडून गेली तर नवरा तिला न्यायालयातून परत मागवू शकतो, ती मिळवते ते त्याचं, तो व्यसनी असो की बदफैली. याच सुमारास बार्बरा ली स्मिथ नावाची एक तरुण बाई मैत्रिणींना घेऊन सह्या गोळा करत होती. विवाहित बायकांना मालमत्तेचा हक्क द्या या अर्जावर हजारो बायकांनी सह्या केल्या. आपल्या गटाच्या निवेदनासारखंच ते.

१८५७ च्या कायद्यात काही गोष्टी मिळाल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची कमाई नवऱ्यापासून सुरक्षित झाली. कोर्टानं वेगळं राहण्याची परवानगी दिलेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येऊ लागली, करार करता येऊ लागले, दावा लावता येऊ लागला. घटस्फोटासाठी मात्र नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे आणि बायकोला त्यासोबत क्रूरपणासारखं आणखी काही सिद्ध करणं भाग, हा भेद तसाच राहिला. नांदत्या बाईची कमाई तिची स्वतःची ठरायला १८७० उजाडलं आणि सगळ्या मालमत्तेवर हक्क यायला १८८२.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॅरोलाइन स्त्री-पुरुष समान आहेत असं म्हणणारी नव्हती. पुरुष श्रेष्ठ आहे हे मला मान्य आहे, पण मग त्यानं रक्षण तरी करावं, आणि करत नसेल तर कायद्यानं करावं, असं तिचं म्हणणं. काही जणींना हे कमीपणाचं वाटेल. मला वाटतं, सभागृहात बसलेल्या पुरुषांना पटेल अशा भाषेत ती बोलली. ग्रामसभेत आपणही कधी कधी तसंच बोलतो.

संसाराचं पुढं काय झालं? थोरला फ्लेचर १८५९ मध्ये पॅरिसला क्षयानं गेला, आजोबांचंच दुखणं. मधल्या ब्रिन्स्लीनं इटलीतल्या काप्री बेटावरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. त्यांच्या दोन मुलांना वाढवण्यात आजी म्हणून कॅरोलाइनचा मोठा हात होता. आपली मुलं वाढवायला मिळाली नाहीत, नातवंडं मिळाली. जॉर्ज १८७५ मध्ये वारला, तेव्हा ती खऱ्या अर्थानं मोकळी झाली. १८७७ च्या मार्चमध्ये, सत्तरीला आलेली असताना, तिनं जुने मित्र सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी लग्न केलं. जूनमध्ये ती वारली. सुखाचे जेमतेम साडेतीन महिने.

आता ते डफरिन नाव. हेलनचा मुलगा, म्हणजे कॅरोलाइनचा सख्खा भाचा, लॉर्ड डफरिन १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याच्या बायकोनं बायकांच्या औषधपाण्यासाठी १८८५ मध्ये फंड उभारला, त्यातून देशात ठिकठिकाणी जनाना दवाखाने निघाले. आणि त्याच चार वर्षांत मुंबईत रखमाबाईंचा खटला चालला. लहानपणी लावलेलं लग्न. त्या नांदायला जायला तयार नव्हत्या, म्हणून नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. नांदायला पाठवण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे, विलायतेच्या चर्चच्या न्यायालयांतून इथं आलेला. कॅरोलाइननं राणीला लिहिलं होतं तेच हे कलम. १८८७ मध्ये कोर्टानं रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. गंमत अशी की नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात टाकणं खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच बंद केलं होतं! रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. त्यांचंही पत्र विलायतेच्या वर्तमानपत्रात छापून आलं, त्यांनीही व्हिक्टोरिया राणीलाच साकडं घातलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तो वाद मिटला. पुढं त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

विलायतेतल्या या चळवळीचा एक धागा आजही आपल्या घरात येऊ शकतो. १८७० च्या इंग्रजी कायद्यापाठोपाठ १८७४ मध्ये हिंदुस्थानात विवाहित स्त्री संपत्ती कायदा झाला. सुरुवातीला तो हिंदू, मुसलमान वगैरे समाजांना लागू नव्हता. पण त्यातलं विम्याचं कलम १९२३ मध्ये सगळ्यांना लागू झालं आणि अजून चालू आहे. नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्याचा विमा या कायद्याखाली बायकोच्या किंवा मुलांच्या नावे काढला, तर तो पैसा विश्वस्त निधी धरला जातो. कर्ज बुडवण्याच्या हेतूनं काढलेला नसला, तर नवऱ्याचे सावकार किंवा बँक त्यावर जप्ती आणू शकत नाहीत. नवरा स्वतःही पुढं मन बदलून त्यावर आपल्यासाठी कर्ज काढू शकत नाही. म्हणजे पूर्वी जे संरक्षण उमरावांच्या लेकींना वकिलाकडून दस्त करून मिळायचं, ते आता साध्या पॉलिसीवर मिळतं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. नुसतं नॉमिनी म्हणून नाव घालणं वेगळं आणि हे वेगळं. आणि पॉलिसी काढतानाच हे लिहून द्यावं लागतं, नंतर जोडता येत नाही. विमा एजंट घरी आला की त्याला "एम.डब्ल्यू.पी. कायद्याखाली करायचंय" एवढं म्हणा, त्यासाठी वेगळा कागद असतो, तो तो आणून देईल. एजंट आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून आधी आपण विचारायचं. ज्यांच्या घरी शेतीकर्ज किंवा धंद्याचं कर्ज नवऱ्याच्या नावावर आहे, त्या मैत्रिणींनी येत्या बैठकीत हा विषय काढा. गटात कुणी अशी पॉलिसी घेतली असेल तर तिच्याकडचा कागद सगळ्यांना बघायला मिळेल.